स्टेपनीला नवं टायर

सोमवारी सकाळी सव्वादहाला रवळनाथ ट्रॅव्हल्सच्या राखीव सर्व्हरवर लाल दिवा पेटला आणि त्या सबंध कंपनीत त्याचा अर्थ एकाच माणसाला कळला. तो माणूस म्हणजे श्रुतिका वाघमारे, वय एकतीस, हुद्दा ‘कॉम्प्युटर विभाग प्रमुख’. विभागात तिच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे प्रमुखपदावरून भांडण होण्याची शक्यता नव्हती.

रविवारी सकाळी आठ वाजता गणपतीचं बुकिंग उघडायचं होतं. बोरिवली, जोगेश्वरी, घाटकोपर आणि मुलुंड अशा चार काउंटरवरून चौतीस जादा गाड्या कोकणात सोडायच्या होत्या. मागल्या वर्षी याच दिवशी आठ वाजून वीस मिनिटांनी सर्व्हर बसला, तो दुपारी उठला, आणि उठताना काही सीटा दोन-दोन जणांना विकून उठला. मग निघायच्या दिवशी हायवेवर गाडीच्या दारात दोन कुटुंबं, दोघांच्या हातात तिकीट, दोघांच्या डोक्यावर मखर. शेवटी एका घरातले दोघे पनवेलपर्यंत बॉनेटवर बसून गेले आणि पुढे काय झालं ते कोणी नीट सांगत नाही.

म्हणून यंदा ‘सफरसेतू’ने अट घातली. सफरसेतू ही अंधेरीची कंपनी. रवळनाथच्या निम्म्या सीटा तिच्या ॲपवरून विकल्या जात. अट अशी, की हंगामाआधी मुख्य सर्व्हर बंद करून दाखवायचा, दहा मिनिटांत राखीव सर्व्हरने काम उचलायचं आणि जबाबदार माणसाने ‘चाचणी झाली’ म्हणून सही करायची. चाचणी गुरुवारी दुपारी तीन वाजता. जबाबदार माणूस श्रुतिका.

सही म्हटलं की श्रुतिकाचा हात थांबे, त्याला कारण होतं. आधीच्या नोकरीत, एका कुरिअर कंपनीत, साहेबांनी “अगं, फॉर्मॅलिटी आहे” म्हणून एका कागदावर तिची सही घेतली होती. राखीव यंत्र तपासलं, असं त्या कागदावर होतं. पावणेदोन महिन्यांनी ते यंत्र उठलंच नाही. चौकशीत साहेबांना काही आठवेना, यंत्र भंगारात गेलं, आणि सगळ्या प्रकरणात धडधाकट उरली ती फक्त श्रुतिकाची सही. त्यानंतर आठ महिने ती घाटकोपरला आईच्या घरी बसून होती. ही नोकरी एप्रिलमध्ये मिळाली, तेव्हा तिने मनाशी एकच ठरवलं होतं: डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही नाही.

लाल दिवा पाहायला ती टायरच्या खोलीत गेली. राखीव सर्व्हर टायरच्या खोलीत होता, त्याचाही इतिहास होता. मे महिन्यात तिने चार पानांची योजना लिहून दिली होती. त्यात होतं, की राखीव यंत्र मुख्य यंत्रापासून लांब, वेगळ्या जागी असावं. तिच्या मनात मुलुंडचं ऑफिस होतं. मालक सहदेव परब यांनी बोरिवलीच्या ऑफिसपासून गॅरेजमागच्या टायरच्या खोलीपर्यंत स्वतः पावलं मोजली, ती बेचाळीस भरली, आणि त्यांनी निकाल दिला, “लांबच हा की! मुलुंडाक कोण रोज जातलो बघूक?”

योजनेतलं दुसरं कलम हार्ड डिस्कचं. डिस्क बिघडायची वाट पाहायची नाही, चार वर्षं झाली की चालू असली तरी बदलायची. हे शेठना एकदम पटलं. टायरचं तसंच असतं, फुटायच्या आधी उतरवायचं. तेवीस मेला मुख्य सर्व्हरच्या चारही जुन्या डिस्क काढून तिने नव्या बसवल्या, जुन्या खोक्यात भरल्या आणि खोक्यावर ‘भंगार’ लिहिलं.

आता ती खाली वाकली आणि राखीव सर्व्हरच्या डिस्ककडे पाहतच राहिली. चारही डिस्कवर खडूने अक्षरं होती. पु.डा., पु.उ., मा.डा., मा.उ.

“दादूमामा!” तिने हाक मारली. “हे काय लिहिलंय?”

गॅरेजचा फोरमन दादू सावंत हात पुसत आला. “पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. खंयचा खंय लायलेला ता कळाक नको?”

“कुठल्या डिस्क आहेत या?”

“तुझ्या खोक्यातल्या.”

“मी खोक्यावर भंगार लिहिलं होतं ना?”

“लिवलंस. पण मी चालवून बघितले. चारय चालू!” दादूच्या स्वरात तिच्या उधळेपणाबद्दल सौम्य नापसंती होती. “त्याच सांजेक बसवले. टायरापेक्षा सोप्पा काम. नट नाय, बोल्ट नाय.”

“आणि यात ज्या नव्या करकरीत डिस्क होत्या, त्या?”

“कपाटात. फडक्यात गुंडाळून. गो, स्टेपनीक नवीन टायर कोण लायता?”

श्रुतिका एका ट्यूबच्या ढिगावर बसली. दादूचं काही चुकलं नव्हतं. रवळनाथ ट्रॅव्हल्समध्ये सत्तावीस वर्षं हाच कायदा होता. नवं टायर पुढे. पुढचं झिजलं की मागे. मागचं झिजलं की वर नवं रबर चढवून रिमोल्ड. रिमोल्ड उतरलं की स्टेपनी. आणि स्टेपनीतूनही निवृत्त झालं की ते हायवेकडच्या पंक्चरवाल्याच्या दारात ‘हवा’ असं लिहून लटकायचं. दादूकडे प्रत्येक टायरची वही होती, किती किलोमीटर पळलं, कुठल्या चाकावरून कुठल्या चाकावर गेलं, सगळं. त्या वहीत तेवीस मेच्या पानावर चार डिस्कही चढल्या होत्या. किलोमीटरच्या रकान्यात ‘चार वर्षं’ असं लिहिलं होतं.

थोडक्यात, बंद पडायची भीती म्हणून मुख्य यंत्रातून काढलेल्या डिस्क, मुख्य यंत्र बंद पडलं तर आधाराला असावं म्हणून ठेवलेल्या यंत्रात बसल्या होत्या. आणि ‘मा.डा.’ने आज मान टाकली होती.

ती सरळ शेठच्या केबिनमध्ये गेली.

सहदेव परब सत्तरीचे. गिरणी बंद पडल्यावर दुसऱ्याच्या गाडीवर क्लीनर, मग ड्रायव्हर, मग स्वतःची एक गाडी, आता चव्वेचाळीस. भिंतीवर रवळनाथाची तसबीर, तिच्याखाली पहिल्या गाडीचा फोटो. दोन्हींना हार एकाच मापाचा. शेठ मराठीत बोलायला सुरुवात करत, पण विषय धंद्याचा आला की मालवणीवर येत. त्यांच्याकडे धंद्याखेरीज विषय नसे.

“शेठ, राखीव सर्व्हरमध्ये जुन्या डिस्क घातल्यात. एक आज गेली.”

“तीन आसात मा अजून?”

“शेठ, गुरुवारी चाचणी आहे.”

“मग तीन दिवसांत तीन जातले काय?” शेठनी हिशोब पुढे ढकलला. “गो, माझी स्टेपनी बघलंस कधी? गुळगुळीत. डोक्यासारखी.” त्यांनी स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. “आजवर एक गाडी रस्त्यात ऱ्हवली नाय.”

श्रुतिकाने श्वास घेतला. चार पानांची योजना तिने अगोदरच दिली होती. तिचं पहिलं पान शेठच्या टेबलाच्या काचेखाली होतं, कारण ते छान टाइप केलेलं होतं. आणखी कागद देण्यात अर्थ नव्हता.

“स्टेपनी किती लांब चालवता तुम्ही?” तिने विचारलं.

“पंक्चरवाल्यापर्यंत. धा किलोमीटर, फार तर वीस.”

“बरोबर. म्हणून गुळगुळीत चालते. पण हा सर्व्हर पंक्चरवाल्यापर्यंत जाणार नाहीये, शेठ. रविवारी मुख्य बसला, तर याला सावंतवाडीपर्यंत जायचंय. चौतीस गाड्या घेऊन. ही स्टेपनी नाही. ही स्पेअर गाडी आहे.”

शेठ मागे रेलले. मग त्यांनी बेल दाबून दादूला बोलावलं.

“दादू, ती स्टेपनी न्हय. स्पेअर गाडी आसा. कपाटातले नवे काढ आणि लाव.”

“असा आधी सांगूचा,” दादू म्हणाला आणि गेला.

श्रुतिकाला वाटलं, जिंकले. चार पानं जे करू शकली नाहीत, ते एका शब्दाने केलं. त्या शब्दाचा शेठच्या डिक्शनरीतला पूर्ण अर्थ तिला गुरुवारी कळायचा होता.

मंगळवारी नव्या डिस्क बसल्या. त्यांच्यावर तेवीस मेपर्यंतचं बुकिंग होतं. त्या दिवशीच त्या कपाटात गेल्या होत्या. त्यानंतरची सगळी नोंद मुख्य सर्व्हरवरून नव्याने उतरवायला हवी होती. काउंटरवरचं काम अडू नये म्हणून तिने नक्कल मुद्दाम संथ गतीला लावली. संध्याकाळी सहाला सुरू झाली; बुधवारी संध्याकाळपर्यंत पुरी होणार होती. बुधवारी तिची साप्ताहिक सुट्टी. तिने आईला घेऊन मुलुंडला मावशीकडे जायचं कबूल केलं होतं, आणि बऱ्याच दिवसांनी ती कुठल्याही दिव्याचा रंग डोळ्यांसमोर न आणता जेवली.

गुरुवारी सकाळी नऊला ती आली तेव्हा नक्कल एकसष्ट टक्क्यांवर थांबलेली होती आणि राखीव सर्व्हरवर पार्सलचं बुकिंग चालू होतं. कोकम आगळाचे कॅन, फणसपोळी, सुका बांगडा. कुठल्या गाडीच्या डिकीत काय, सगळं व्यवस्थित.

“दादूमामा, हे कोणी केलं?”

“शेठनी. काल सकाळी पार्सलच्या सॉफ्टवेअरवालो इलो होतो. त्याका विचारल्यानी, आणखी एक मशीन घेवची लागात काय? तो म्हणालो, लागात. शेठ म्हणाले, आमच्याकडे स्पेअर उभी आसा.”

“नक्कल का थांबवली?”

“तो म्हणालो, दोन कामां एकदम धरली तर मशीन दमता.”

रवळनाथ ट्रॅव्हल्सच्या धंद्यात स्पेअर गाडी म्हणजे काय, हे तिने तेव्हा पहिल्यांदा नीट लक्षात घेतलं. स्पेअर गाडी म्हणजे लग्नाचं वऱ्हाड नेणारी गाडी. मढच्या बंगल्यावर शूटिंगची माणसं पोचवणारी गाडी. जोगेश्वरीहून शाळेची सहल उचलणारी गाडी. ज्या दिवशी तिची खरी गरज पडे, त्या दिवशी ती बहुधा महाडला असे. उभी गाडी शेठना बघवत नसे. टायरला एका जागी चपटेपणा येतो, असं ते सांगत, आणि त्यात तथ्यही होतं.

ती केबिनमध्ये गेली. या वेळी बसली नाही.

“शेठ, नक्कल अर्धवट आहे. अर्धवट नकलेवर यंत्र उभं राहत नाही, ते शेवटच्या पूर्ण नकलेवर उभं राहतं. म्हणजे आज मुख्य बंद केला, तर राखीव उठेल, पण त्याच्या लेखी तारीख तेवीस मे असेल.”

“उठात मा?”

“उठेल.”

“मग झाला. त्येंका उठलेला बघूचा आसा. तारीख कोण विचारता?”

“मी सही करणार आहे शेठ. मी विचारते.”

“सही करूक काय जाता?” ते म्हणाले. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. “बघ, पार्सल शनिवारपर्यंत घेतलेला आसा. माणसांचो माल आसा. मी शब्द दिलंय.”

“आणि रविवारचा?”

“रविवारी मुख्य सर्व्हर बसतलो असा तू आतापासून कित्याक बोलतंस? नवे टायर घातलंस मा त्याका?”

नवी डिस्कही जाते, पंखा जातो, कोणी वायरीत पाय अडकवतो. बसणार नाही असं ठाऊक असतं, तर राखीव ठेवलाच नसता. हे सगळं योजनेच्या दुसऱ्या पानावर होतं. काचेखाली पहिलंच होतं.

“सही नाही केली तर?” तिने विचारलं.

“तर सफरसेतू आमका हंगामातून बाहेर काढतले.” शेठनी चष्मा पुसला. “मग तुझा काम काय ऱ्हवला हयसर?”

ते रागाने म्हणाले नव्हते. बिघडलेल्या गाडीबद्दल बोलावं तसे बोलले होते. श्रुतिका बाहेर आली, तिच्या टेबलापाशी बसली आणि तिने आईला फोन करायला घेतलेला मोबाइल परत खाली ठेवला.

तीनला पाच कमी असताना सफरसेतूचा माणूस आला. केतन नाव, सदरा घामाने पाठीला चिकटलेला, गळ्यात ओळखपत्र. सकाळपासून त्याची ही सातवी चाचणी होती आणि आज अकरा करायच्या होत्या.

“दोन्ही मशीन दाखवा मॅडम, दिवे दिसतील असा फोटो काढतो, हो दाबतो, तुमची सही घेतो. पाच मिनिटं.”

“मुख्य बंद करायचा नाही?”

केतनने मान वर केली. “नियमात आहे. पण सहसा कोणी करत नाही. मालक लोक चिडतात.”

“चालू गाडीचा इंजिन कोण बंद करता?” शेठ दारातून म्हणाले. ते मुद्दाम टायरच्या खोलीपर्यंत चालत आले होते; बेचाळीस पावलांनंतर त्यांना धाप लागली होती.

श्रुतिकाने तिघांकडे पाहिलं. शेठ, केतन, आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन उगाच उभा राहिलेला दादू.

“सही माझी आहे,” ती म्हणाली. “मी बंद करणार.”

आणि शेठ काही म्हणायच्या आत ती ऑफिसात गेली आणि तिने मुख्य सर्व्हरची वायर ओढली.

परत आली तोवर राखीव सर्व्हरचा पंखा घोंघावत होता. पार्सलचं पान गेलं. पडदा काळा झाला. केतन मोबाइलवर वेळ मोजू लागला. दुसऱ्या मिनिटाला दादूने यंत्राला हात लावून नमस्कार केला. चार मिनिटं दहा सेकंदांनी पडदा उजळला आणि समोर गाडीचा तक्ता आला. राखीव यंत्राच्या लेखी आज तेवीस मे होती, म्हणून त्याने दुसऱ्या दिवशीची गाडी मांडली होती. चोवीस मे, बोरिवली ते कणकवली. सगळ्या सीटा भरलेल्या. मे महिन्याच्या सुट्टीत गावाला गेलेली आणि केव्हाच परत येऊन कामाला लागलेली माणसं, बायकामुलांसकट, आपापल्या जागी बसलेली होती.

“झकास!” केतन म्हणाला. “चार मिनिटं दहा सेकंद. आज सकाळपासून पहिलीच खरी चाचणी. मॅडम, सही.”

“हा तक्ता दीड महिना जुना आहे.”

“फॉर्ममध्ये ‘राखीव यंत्र सुरू झालं का’ एवढंच आहे. झालं ना?”

“झालं. आणि आत्ता कोणी तिकीट काढायला आलं, तर हे त्याला सांगेल गाडी भरलीय. रिकाम्या गाडीला भरलेली म्हणेल आणि भरलेलीला रिकामी. मागल्या वर्षी दोन घरं एका सीटवर होती, यंदा चार असतील. मी ‘हो’वर सही करणार नाही. ‘नाही’ दाबा.”

“मॅडम, प्लीज. मला घाटकोपर गाठायचंय.”

“दाबा ना. बटण आहे ना तिथे?”

केतनने शेठकडे पाहिलं. त्यांचं या दोघांकडे लक्षच नव्हतं. ते पडद्याजवळ वाकले होते आणि चष्मा कपाळावर सरकवून कुठलंतरी नाव वाचत होते.

केतनने ‘नाही’ दाबलं. मोबाइलवर पांढरं पान आलं. त्याने थोडी वाट पाहिली, पुन्हा दाबलं. पुन्हा पांढरं पान.

“काय झालं?”

“माहीत नाही,” तो प्रामाणिकपणे म्हणाला. “हे बटण मी आजपर्यंत दाबलेलं नाही. बहुतेक कोणीच नाही. याच्या पुढचं पान बनवलेलंच नसावं.”

“म्हणजे तुमच्या कंपनीत कोणी नापास होऊच शकत नाही?”

“तशी वेळ आलेली नाही.”

शेवटी दादूने पार्सलच्या पावतीपुस्तकातलं एक पान फाडून दिलं. श्रुतिकाने त्याच्या मागे स्वच्छ अक्षरात लिहिलं: राखीव यंत्र चार मिनिटं दहा सेकंदांत सुरू झालं, त्यावरील नोंद तेवीस मेपर्यंतचीच आहे, या स्थितीत ते बुकिंगसाठी वापरण्याजोगं नाही. खाली सही केली, तारीख घातली. हात थांबला नाही. केतनने त्या कागदाचा फोटो काढला आणि दुसरी जागा सापडेना म्हणून जिथे दिव्यांचा फोटो टाकायचा, तिथे टाकला. तीन सेकंदांत उत्तर आलं. हिरवी खूण, आणि खाली: ‘अभिनंदन! आपली चाचणी यशस्वी झाली आहे.’

“बघा,” केतन म्हणाला. त्याच्या आवाजात विजयापेक्षा सुटका जास्त होती. “फोटो मिळाला की ते पास करतं. फोटोत काय आहे ते बघत नाही.” तो बॅग उचलून घाटकोपरच्या दिशेने निघून गेला.

श्रुतिका हातातल्या कागदाकडे पाहत उभी राहिली. नापास झाल्याची कबुली देऊन ती पास झाली होती. कंपनी हंगामात होती, तिची नोकरीही बहुधा होती, आणि रविवारी सकाळी आठ वाजता मुख्य सर्व्हरला शिंक आली, तर हे समोरचं तेवीस मे चारही काउंटरवर उभं राहणार होतं. कागदावरची सही या वेळी खरी होती, एवढाच काय तो फरक. हायवेवर मखर घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला तो दिसला नसता.

“झाला मा पास?” दादू म्हणाला. “पार्सल चालू करू शेठ?”

शेठचं बोट पडद्यावर होतं.

“सीट तीन,” ते म्हणाले. “वाच गो. माका नीट दिसणा नाय.”

“दशरथ गावडे. वय सत्तर. बोरिवली ते कणकवली.”

दादूने हातातला स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला. दशरथ गावडे कोण, हे गॅरेजमध्ये कोणाला सांगावं लागत नसे. शेठबरोबर एकाच गावातून आलेला, एकाच गिरणीत एकाच खात्यात लागलेला. शेठच्या पहिल्या गाडीचा पहिला प्रवासी. त्यानंतर कायम ड्रायव्हरच्या मागची तीन नंबरची सीट, आणि तिकीट मात्र दर वेळी हट्टाने काढणार. चोवीस मेला तो गावाला गेला. नऊ जूनला गावीच वारला. शेठना पोचायला उशीर झाला होता.

“ह्या नाव काढ,” शेठ म्हणाले.

ते एका मिनिटाचं काम होतं. श्रुतिकाने कीबोर्डवर हात ठेवला आणि उचलला.

“काढते. पण खाली डिस्कवर तेवीस मेच आहे शेठ. पुन्हा कधी हा सर्व्हर उठला, की ते काका परत तिकीट काढून बसतील. बाकीचे सगळेही. नक्कल पुरी झाल्याशिवाय ते कोणी उतरणार नाहीत.”

“किती वेळ लागात?”

“पार्सल बंद ठेवलं आणि काउंटर बंद ठेवले, तर अडीच तास. संथ चालवली तर उद्यापर्यंत.”

सत्तावीस वर्षांत रवळनाथचे काउंटर दिवसाउजेडी कोणी आपणहून बंद केले नव्हते. संप असो, पूर असो. शेठनी दादूकडे पाहिलं.

“जोगेश्वरी, घाटकोपर, मुलुंड, तिन्ही ठिकाणी फोन कर. सांग, काउंटर बंद ठेवा, गिऱ्हाइकांका म्हणा साडेसातांक येवा. आणि पार्सलवाल्यांका माझ्या नावान सांग, माल उद्या जातलो.”

“शेठ, शब्द दिलेलो...”

“मी मागे घेतंय. जा.”

श्रुतिकाने जाऊन मुख्य सर्व्हरची वायर परत लावली, परत आली, पार्सल उतरवलं आणि एकसष्ट टक्क्यांवरून नक्कल पूर्ण वेगाने सोडली. तिला वाटलं होतं शेठ केबिनमध्ये जातील. त्यांनी एक टायर ओढून त्यावर बसकण मारली. पडद्यावर जुना तक्ता तसाच होता. नक्कल पुरी होईपर्यंत तो बदलणार नव्हता.

“खंय पोचलो?” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

ती पासष्ट टक्के म्हणणार होती. मग तिने मनातल्या मनात बोरिवली ते कणकवली अंतर धरलं. “चिपळूण सोडलं,” ती म्हणाली.

शेठनी मान हलवली. दादू चहा घेऊन आला. काउंटरवरून फोन येत होते, गिऱ्हाइकं शिव्या घालत होती, आणि श्रुतिका फोनवर प्रत्येकाला ‘साडेसातला या’ हे एकच वाक्य सांगत होती.

“आता?”

“संगमेश्वर.”

“रस्तो खराब तिथे.” त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “दशरथ हयसर उठायचो. म्हणायचो, सहदेवा, गाडी हळू घे, चाय सांडता.”

हातखंबा गेलं. लांजा गेलं. राजापूरला नक्कल अडली; एक टक्का वीस मिनिटं जागचा हलेना. शेठ उठून उभे राहिले. “काय झाला? बंद पडली?” तिने तपासलं. मुलुंडच्या काउंटरवर कोणीतरी निरोप न ऐकता तिकीट फाडत होतं. तिने फोन करून त्याला असं काही सुनावलं, की दादूही बाहेर निघून गेला. नक्कल हलली.

तळेरे. नांदगाव.

सातला दहा कमी असताना पडदा एकदा मिटला आणि उघडला. उद्याची गाडी, बोरिवली ते कणकवली. अकरा सीटा भरलेल्या, बाकी मोकळ्या. शेठनी चष्मा नीट लावला आणि तीन नंबरवर बोट ठेवलं. तिथे नीलम राणे, वय चोवीस, असं होतं.

“ह्या कोण?”

“माहीत नाही शेठ. काल जोगेश्वरीहून काढलंय तिकीट.”

“बरा.” ते टायरवरून उठले, धोतर झटकावं तशी पँट झटकली आणि दाराकडे निघाले. उंबऱ्यापाशी थांबले. मागून येणारा दादूही थांबला.

“चल गो,” शेठ म्हणाले. “काउंटर उघडूच्या आधी तिकडची वायर परत एकदा ओढ. ह्या खेपेक मी बघतंय.”